जबलपूरहून आलेला मेल

ई-मेलचा पत्ता मिळाला त्या दिवशी मी गोंदियाच्या रेल्वे पुलावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत होते. यातल्या एकाकडे तरी असा पत्ता असेल का, या विचाराने जीव नुसता उसळत होता. माझ्याकडे पत्ता होता, पासवर्ड होता, रिकामी पेटी होती. लिहायचं मात्र कुणाला, ते कळत नव्हतं. आमच्या अख्ख्या गावात तेव्हा टेलिफोन तीन-चार घरी होता आणि कॉम्प्युटर कुणी टीव्हीवरही नीट पाहिला नव्हता.

नवं शतक लागून दोनेक वर्षं झाली होती. मी बीएस्सी होऊन घरी बसायला तयार नव्हते. दवनीवाड्याच्या पुढे आमचं गाव. तिथून रोज सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये गुडघे दुमडून गोंदिया, आणि दिवस मावळायच्या आत परत. घरी आईला वाटायचं, पोरगी कोर्स करते. खरं म्हणजे मला घरात बसवत नव्हतं. बसले की पाय हलायचे, उभी राहिले की दाराशी जायची. आई म्हणायची, "पायाले भिंगरी लावून आली काय व पोटातून?"

क्लास एका कापडदुकानाच्या माडीवर होता. शिकवणारे सर गोंदियाचेच, घरात हिंदी बोलणारे, मराठी बोलताना मध्येच हिंदीत घसरणारे. त्यांच्याकडे पाच कॉम्प्युटर होते आणि फोनची लाईन एकच, तीही खालच्या दुकानाशी भागीत. इंटरनेट जोडायला लागलं की यंत्रातून किंचाळ्या यायच्या, शिट्ट्या वाजायच्या, आम्ही श्वास धरून बसायचो, आणि नेमकं पान अर्धं उघडलं की खालून शेठजी फोन उचलायचे. "अरे मास्टर, ये क्या चीं-चीं है फोन में!" झालं. लाईन तुटली. पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे सरांनी आम्हाला इंटरनेट बहुतेक फळ्यावरच शिकवलं. ब्राउझर म्हणजे मागणारा, सर्व्हर म्हणजे देणारा, आणि या दोघांच्या मध्ये वाटा. नुसत्या आकृत्यांनी आम्ही पेंगायला लागलो, तेव्हा त्यांनी एकदा आम्हालाच इंटरनेट केलं. पुढच्या बाकावरच्या मुलीला ब्राउझर केलं, मला मागच्या बाकावर सर्व्हर. मी एका कागदावर वाक्य लिहिलं, त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकड्यावर आकडा टाकला आणि ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे दिला. तुकडे बाकांवरून वाटेल तसे पुढे गेले. कुणी खिडकीकडून, कुणी दाराकडून. शेवटचे आधी पोचले, पहिला मागून आला, आणि एक पंख्याच्या वाऱ्याने उडून जिन्यात गेला.

"अब?" सर म्हणाले. "एक तुकडा नाही आला. काय करायचं?"

पुढची मुलगी म्हणाली, "परत मागायचा."

"शाब्बास. चिट्ठी सीधी नहीं जाती, बेटा. तुकड्यांनी जाते, भटकते, हरवते. परत मागायची. मागत राहायची."

त्या दिवशी मी घरी जाताना गाडीत सगळ्यांकडे बघून हसत होते. मला पहिल्यांदाच काहीतरी नीट कळलं होतं, आणि कळल्यामुळे स्वस्थता येण्याऐवजी उलट तगमग वाढली होती. एवढ्या वाटा आहेत, आणि माझ्याकडून एकीवरही काही जात नाही.

मग मी पान बनवलं. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एक वेब पान करायचं होतं. इतरांनी ताजमहाल केला, क्रिकेट केलं. मी आमचं गाव केलं. वर इंग्रजीत गावाचं नाव, खाली मराठीत दोन परिच्छेद, त्याखाली एक फोटो: तळं, तळ्याची पाळ, पाळीवर आमचं बुद्धविहार आणि त्यावरचा पंचरंगी झेंडा. फोटो एका लग्नातला होता. नवरा-नवरी कापून मागचं तळं ठेवलं. फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर ते पान चढवलं, खाली माझा ई-मेल दिला. चढवायला दुपार गेली. शेठजींना जेवणाची सुट्टी असते तेवढ्यात सगळं उरकावं लागलं.

कोर्स संपला आणि सरांनी मलाच ठेवून घेतलं. सरकारी नोकरदारांना कॉम्प्युटर येणं सक्तीचं झालं होतं. तलाठी, शिक्षिका, नर्सबाई यांच्या रांगा लागल्या होत्या. मी शिकवायचे, पण शिकवता शिकवता दहा वेळा माझी पेटी उघडून बघायचे. काही नसायचं. बंद करायची, पुन्हा उघडायची. सर म्हणायचे, "मॅडम, कुएँ में झाँकने से पानी नहीं बढ़ता."

आणि मग, दोनेक वर्षांनी, एके दिवशी एक मेल होता.

रोमन अक्षरांत हिंदी लिहिलेलं. अक्षर न् अक्षर माझ्या लक्षात नाही, पण आशय असा: "नमस्ते. आपके पेज पर जो लिखा है, वो मेरे कंप्यूटर पर सिर्फ़ टेढ़े-मेढ़े निशान दिखता है. पर गाँव का नाम पढ़ लिया. मेरे पापा उसी गाँव के हैं. मैंने फोटो दिखाई, तो उठकर बाहर चले गए. आप किसकी बेटी हैं?" खाली नाव, आणि जबलपूर.

आडनाव आमचं होतं.

माझ्या धाकट्या काकाची गोष्ट घरात लपलेली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होती, कुणी सांगत मात्र नव्हतं. मी पाळण्यात असताना काकाने गावातल्याच एका जमीनवाल्या हिंदू घरातल्या मुलीशी लग्न केलं. केलं म्हणजे, दोघं छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या, गाडीत बसून निघून गेले. आम्ही बौद्ध, ते घरात पोवारी बोलणारे, त्यांच्याच शेतात माझे आजोबा राबलेले. गावात बैठका झाल्या, आमच्या वस्तीची कामं बंद झाली, त्या वर्षी बाबांना धान रोवायला दुसऱ्या गावी जावं लागलं. बाबांनी भावाचं नाव घेणं सोडलं. त्या घराने मुलीचं. जबलपूरला गोंदियाहून रडतखडत जाणारी का होईना, गाडी रोज होती. वीस-बावीस वर्षांत ना इकडून कुणी चढलं, ना तिकडून कुणी उतरलं.

मी उत्तर लिहिलं, रोमन अक्षरांतच. बाबांचं नाव लिहिलं. "तुझ्या पप्पांचा मोठा भाऊ," असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते टेढ़े-मेढ़े निशान कशामुळे, तेही लिहिलं. तेवढंच मला खात्रीने सांगता येत होतं. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. माझ्या यंत्रातला फॉन्ट ज्या आकड्याला 'क' म्हणतो, त्याच आकड्याला तुझं यंत्र कंस म्हणतं. माझा फॉन्ट तुझ्याकडे नाही, म्हणून माझं मराठी तुला दिसत नाही. हे लिहून मी बटण दाबलं, आणि पाठोपाठ वाट बघायला लागले.

त्या दिवशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. सगळा आठवडा नाही. मी वर्गात एकीला फोल्डर शिकवताना दुसरीचं बंद करत होते. मेल क्षणात पोचतो हे खरं. माणूस त्याच्यापाशी कधी पोचतो, ते कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कळलं, ती फक्त रविवारी सायबर कॅफेत जायची. ती इंजिनिअरिंगला होती, माझ्याहून लहान. तिचं उत्तर आलं ते "दीदी" या शब्दाने सुरू झालं.

बाबांना सांगणं भाग होतं. ते शेतात धानाच्या बांधीचा धुरा बांधत होते. चिखलाचे गोळे उचलायचे, थापायचे, पायाने दाबायचे. मी बांधीच्या कडेला उभी.

"बाबा, काकाच्या पोरीचं पत्र आलं."

"पोस्टमन त नाइ आला."

"कंप्युटरवर आलं."

त्यांनी आणखी दोन गोळे थापले. "जिता हाय?"

"हाव."

"काय करते?"

"कारखान्यात आहे. फिटर. एकच मुलगी."

ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, आता काही म्हणतील. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. शेवटी ते म्हणाले, "तू काऊन उभी हायस? जा घरी. पायाले जळू लागन."

आईने मात्र त्याच संध्याकाळी विचारलं, "आवाज आयकता येते काय व त्याच्यात?" आणि बाबा तिथेच बसून भात कालवत होते, उठले नाहीत.

फोनवर बोलायचं ठरलं. गावातल्या बूथवर बोललं असतं तर अख्ख्या गावाने ऐकलं असतं, म्हणून बाबा माझ्याबरोबर गोंदियाला आले. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. सरांनी आपली खुर्ची दिली, मुलांना बाहेर पाठवलं आणि खाली जाऊन शेठजींना सांगितलं, आज फोनला हात लावायचा नाही. मी नंबर फिरवला. रिसीव्हर बाबांच्या हातात दिला तेव्हा पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो मोठ्याने बोलत होता.

"जय भीम, दादा."

बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी मनात म्हणत होते, बोला, बोला, लाईन कधीही जाईल.

"जय भीम," बाबा म्हणाले. मग खोकले. मग म्हणाले, "तुहा ढवळा बैल मेला."

पलीकडून प्रश्न आला: "कव्हा?"

"झाले पंधराक वर्स. तू गेल्यावर कोनाले हात लावू देत नोहता. मंग बसला खुट्याजवळ."

आणि ते दोघं बैलाबद्दल बोलत राहिले. मग नाल्याकडच्या बांधीबद्दल, मग कोणत्या आंब्याचं झाड पडलं त्याबद्दल. गेलास काऊन, आला नाहीस काऊन, हा विषयच निघाला नाही. मी माडीवर येरझाऱ्या घालत होते. मला वाटत होतं, महत्त्वाचं बोला. आज कळतं, ते महत्त्वाचंच बोलत होते.

त्यानंतर आठवड्याला मेल सुरू झाले. काकू तोंडी सांगायची, बहीण रोमनमध्ये टाईप करायची. काकूचा पहिला प्रश्नच असा होता: माझी आई आहे का?

होती. मी तिला येता-जाता बघायचे. त्यांच्या वाड्याच्या अंगणात, धान वाळत असलं की कोंबड्या हाकत बसलेली. मी तसं कळवलं, आणि पुढच्या मेलमध्ये ती मागणी आली: मला एकदा तिला बघायचं आहे. फोन नको. फोन मी पूर्वी केला होता, माझ्या भावाने उचलला आणि आवाज ओळखून ठेवून दिला. मला बघायचं आहे. तिथे कॅमेरावाला कॅफे नाही का?

होता. बाजारात नवा निघाला होता, ब्रॉडबँडचा, लाकडी खणांचा, प्रत्येक खणात पडद्यावर चिमणीएवढा कॅमेरा बसवलेला. प्रश्न तिला तिथवर नेण्याचा होता. त्या घराच्या फाटकातून आमच्या घरचं कुणी वीस वर्षांत आत गेलं नव्हतं. आई म्हणाली, "नोको पडू त्याच्यात." मी दोनदा त्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा, दुपारी, सगळे शेतावर असताना, आत गेले.

म्हातारी काठी आपटून कोंबड्या हाकत होती. डोळे बारीक करून म्हणाली, "कोनाची व तू?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला. मला वाटलं, आता काठी माझ्यावर येईल.

"तुमची मुलगी बरी आहे," मी भरभर बोलले. "जबलपूरला आहे. नात इंजिनिअर होणार आहे. तिला तुम्हाला बघायचं आहे. गोंदियाला मशीन आहे, त्याच्यात दिसतं."

कोंबड्या धानात शिरल्या. तिने हाकलल्या नाहीत.

"दिसते?"

"दिसते."

"बोलते?"

"बोलते."

"मंग ने मले," ती म्हणाली. "पन डोऱ्याच्या डाक्टरकडं बी ने. खोटं नाइ सांगन मी घरी. डोरे दाखवाचेच हायेत."

तिला खरोखरच मोतीबिंदू झाला होता. पुढच्या आठवड्यात मी तिला काळी-पिवळीत पुढच्या सीटवर बसवून नेलं. धाकटी सून फाटकापर्यंत आली होती, तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "सांजच्या आत आना." बस, एवढंच.

आधी डॉक्टर झाला, मग कॅफे. खण एवढा अरुंद की तिची खुर्ची आत आणि मी बाहेर उभी, वाकून माऊस हलवत. मी निमंत्रण पाठवलं. पडद्यावर चौकोन आला, काळा. मग करडा. मग ठोकळे-ठोकळे. मी तिच्या पदरावरून हेडफोन घातला, तिने काढून टाकला: "डोक्यावर काय चढवून राहिली?" शेवटी माझ्या नव्या मोबाईलवरून जबलपूरला फोन लावला, तो तिच्या कानाशी धरला आणि चित्र पडद्यावर. आवाज आधी येत होता, ओठ मागून हलत होते.

"तोंड मागून हालते इचं," म्हातारी घाबरून म्हणाली. "जिती हाय ना व?"

"जिती आहे आजी. आवाज एका वाटेने येतो, चित्र दुसऱ्या. चित्राला वेळ लागतो."

ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धूसर झाली. मग तिने आपल्या घरच्या बोलीत विचारलं, "कसी सेस बाई?"

फोनवर काही आलं नाही. पडद्यावर काकू दिसत होती. तोंड किंचित उघडं, डोळे मोठे, हात गळ्याशी. हलत नव्हती. मी हादरले. लाईन गेली की काय? चित्र अडकलं आहे, की काकूच थिजली आहे? मला सांगता येईना. एवढी वर्षं मी हेच शिकवत होते, आणि मला पडद्याकडे बघून सांगता येईना. मी माऊस हलवला, केबल चाचपली, कॅफेवाल्याला हाक मारली. आणि मग चित्रातल्या गळ्याजवळचा तो हात सरकला, आणि फोनमधून असा आवाज आला की मी तिच्या कानाशी धरलेला मोबाईल पडता पडता वाचला.

म्हातारी रडली नाही. ती बघत होती. "केस पिकले तुहे," ती म्हणाली. "जवर ये. दिवा लाव तिकडं, अंधार हाय. हां. ती मागं कोन? नातीन? उंच हाय व. कोनावर गेली? मामावर गेली." तिच्या तोंडून मामा हा शब्द निघाला आणि तिने एकदा खणाबाहेर वळून पाहिलं.

मग वीज गेली. त्या वर्षांत लोडशेडिंगचा काही नेम नव्हता. सगळे खण एकदम काळे झाले, बाहेर जनरेटर धडधडायला लागले, आणि आमच्या कॅफेचा जनरेटर नेमका बंद पडलेला. फोन थोडा वेळ चालला, मग बॅलन्स संपून तोही तुटला. म्हातारी काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

"येन ना परत?"

"आज नाही येणार आजी. वीज उशिरा येईल. गाडी चुकेल."

"थांब थोडं," ती म्हणाली. मी थांबले. मी, जिला पाच मिनिटं एका जागी उभं राहवत नाही, ती त्या कोंदट खणाबाहेर तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

गावात गोष्ट पोचायला काळी-पिवळीपेक्षा जास्त वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा थोरला मुलगा आमच्या दाराशी आला. तोच, ज्याने फोन ठेवून दिला होता. अंगणात न येता रस्त्यावरूनच बोलला.

"माह्या मायले कोनं नेलं गोंदियाले?"

बाबा बाहेर गेले. मीही उठले, आईने माझा हात धरला. बाबा म्हणाले, "माह्या पोरीनं."

"कोनाले इचारून?"

"तुह्या मायले इचारून."

शेजारची माणसं जमायला लागली. तो बरंच बोलला. जुनं सगळं बाहेर आलं, आमच्या वस्तीला उद्देशूनही आलं. बाबांच्या मानेची शीर फुगलेली मला मागून दिसत होती. मी आईचा हात झटकून पुढे होणार, तोच रस्त्याच्या टोकाला म्हातारी दिसली. काठी टेकत, डोळ्यांवर पदर धरून, एकटी येत होती. आमच्या वस्तीत ती आयुष्यात पहिल्यांदा येत असावी. सगळे बाजूला झाले.

"मी गेलती," ती मुलाला म्हणाली. "ह्या पायानं गेलती. तुले का इचारू? तू माह्या पोटातून आलास का मी तुह्या?"

कुणीतरी हसलं. मुलगा लाल झाला. तिने पुढे सांगितलं, "डाक्टरनं आपरेशन सांगतलं डोऱ्याचं. करशील का नाइ?"

"करीन ना," तो म्हणाला. आवाज एकदम उतरला होता.

"मंग तिले बी येऊ दे. मले चांगलं दिसन तव्हा मी तिले पायीन. त्या डब्यात नाइ."

तो वळून निघून गेला. हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. मी तसंच्या तसं जबलपूरला कळवलं, आणि येते म्हणून काकूचं उत्तर आलं. पण भावाने दवाखान्यात तमाशा केला तर? काकू आलीच नाही तर? मेल उघडायची, बंद करायची. सरांनी शेवटी एक दिवस मला शिकवायलाच लावलं नाही, म्हणाले, "जाओ, पुल पर घूम के आओ."

ऑपरेशन गोंदियालाच झालं. पट्टी काढायच्या दिवशी काकू छोट्या लाईनने आली, मुलीला घेऊन. मी स्टेशनवर होते. मी तिला पडद्यावर पाहिलेलं होतं, तरी ओळखलं नाही. पडद्यावरची बाई मोठी वाटली होती, ही माझ्या खांद्याएवढी होती. तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत, रिक्षातही नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात थोरला भाऊ बाकावर बसला होता. काकू त्याच्यासमोर थांबली. मी मनात देवाला नाही, कुणाला नाही, नुसतं "नको, नको" म्हणत होते. तो उठला. बहिणीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "मी चहा पिऊन येतो." आणि जिना उतरून गेला.

तो चहा पिऊन दुपारभर आला नाही. काकूला सगळी दुपार मिळाली. काळा चष्मा घातलेली म्हातारी खाटेवर आणि काकू खाटेच्या कडेला; मी आणि माझी बहीण व्हरांड्यात. आत काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही. एकदा हसण्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जबलपूरची गाडी सुटायच्या आधी मी काकूला आणि बहिणीला स्टेशनवर सोडलं आणि परत येताना तो थोरला भाऊ मला दवाखान्याच्या फाटकाशी दिसला. एका पानठेल्याच्या सावलीत उभा. "गेली?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा तो वर गेला.

एवढंच झालं. समेट नावाची गोष्ट मी तरी पाहिली नाही. म्हातारी नंतर तीनेक वर्षं जगली. काकू आणखी दोनदा येऊन भेटून गेली, दोन्ही वेळा गोंदियातच. गावात ती आली थेट आईच्या मातीला, तेव्हा काकाही आला. तो आमच्या घरी थांबला. बाबा आणि तो ओसरीवर बसले, आणि मला इतक्या वर्षांनी वाटलं, आता बोलतील. ते पावसाबद्दल बोलले.

पुढे सगळं सोपं झालं, म्हणजे तसं म्हणतात. युनिकोड आलं, माझं मराठी सगळीकडे दिसायला लागलं. ते गावाचं पान ठेवणारी साइट बंद पडली, पानही गेलं. सरांचा क्लास बंद झाला. ज्याच्या-त्याच्या हातात फोन आला, तेव्हा माऊस शिकायला कोण येणार? मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले. बहीण हैदराबादला नोकरीला गेली आणि तिने आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात काका आहे, काकू आहे, मी आहे, काकूच्या भावाची सूनसुद्धा आहे. सकाळ झाली की गुलाबाची फुलं येतात. निळ्या खुणा उमटतात. कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण सगळे सगळ्यांना दिसतात.

बाबांनी ते घेतलं नाही. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. रोज सकाळी चहा झाला की ते ओसरीवर बसून जबलपूरला लावतात. कधी भांडतात. परवा जोरात चाललं होतं, कुठल्याशा विहिरीवरून, जी बुजून दहा वर्षं झाली. मी आत फोन घेऊन बसले होते. ग्रुप उघडायची, मेल उघडायची, परत ग्रुप. बाबांनी बोलता बोलता माझ्याकडे वळून विचारलं, "काऊन व, कोनाची वाट पाहून राहिलीस?"

"कुणाची नाही," मी म्हणाले.

"मंग ठेव ना ते," म्हणाले, आणि परत विहिरीकडे वळले. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि शेताच्या रस्त्याला लागले. रोवणी संपली होती, बांध्यांत पाणी उभं होतं. मागून बाबांचा आवाज बराच वेळ येत राहिला.